गेममध्ये पीसी क्रॅश होतोय: आधी एसएमपीएस बदलायचा की ग्राफिक्स कार्ड?

गेम सुरू केला, थोडा वेळ सगळं मस्त चाललं आणि मग स्क्रीन काळी, नाहीतर आख्खा पीसी फटकन बंद. दुकानात विचारलं की बऱ्याचदा एकच उत्तर येतं, कार्ड गेलं असणार, नवीन टाका. जून लागला, पहिले दोन-चार पाऊस पडले की म्हापसा, डिचोली, फोंडा, सगळीकडून ओळखीतल्या पोरांचे हेच प्रश्न यायला लागतात, आणि पंचवीस-तीस हजारांचं कार्ड घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी थांबवतो, कारण त्याच लक्षणांमागे पाच-सहा हजारांचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, असू शकतो किंवा एक पैसाही न लागणारी एखादी सेटिंग.

म्हणजे रस्ते तीन: फुकटातले उपाय, नवीन एसएमपीएस, किंवा कार्ड. कुठल्या गेममध्ये क्रॅश होतो याला फार अर्थ नाही, क्रॅश होताना नेमकं काय होतं ते बघा, त्यावरच सगळं ठरतं.

पीसी पूर्ण बंद पडतो, पंखे थांबतात, किंवा बंद होऊन आपोआप परत सुरू होतो, तर संशय विजेच्या बाजूला. त्यातही मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय पीसी उठतच नसेल तर एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होतंय, म्हणजे तो स्वतःला वाचवायला बंद पडतोय, असं मी धरून चालतो. याउलट स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरतायत, हेडफोनमध्ये आवाज येतोय, मग डेस्कटॉप परत आला आणि गेम मात्र बंद, तर तो ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच ड्रायव्हर पाडून परत उभा करते, याला टीडीआर म्हणतात आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) त्याची ४१०१ नंबरची नोंद सापडते. तिसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकडे, पट्टे. हे बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवर पण दिसत असतील तर ड्रायव्हरवर वेळ घालवू नका, तिथे विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. दुसरी केबल, दुसरा मॉनिटर लावून बघा, तरी दिसलं तर कार्डाची मेमरी किंवा चिप.

इव्हेंट व्ह्यूअरचा विषय निघालाय तर एक सांगतो, कर्नल पॉवर ४१ दिसलं की लोक लगेच एसएमपीएस खराब म्हणून मोकळे होतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये जाऊन बगचेक कोड (विंडोजने लिहिलेला बिघाडाचा नंबर) बघा. ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली असण्याची शक्यता जास्त (सगळं जाम हँग होऊन तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलं असेल तरी ० च येतो, ते लक्षात ठेवा). २७८ असेल तर तो ग्राफिक्सचा टीडीआर फेल्युअर, आणि २९२ असेल तर हार्डवेअर एरर, त्यात प्रोसेसर पण येतो.

आता फुकटातलं. ड्रायव्हर बदलायचा तर नुसता वरून इन्स्टॉल करू नका, डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर उतरवून घ्या, नेट बंद करून सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करा, मग नवीन टाका, आणि क्रॅश नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल तर मागचा टाका. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगात चालवणारी सेटिंग) बंद करून एक-दोन दिवस खेळून बघा. कार्डवर ज्याचं खापर फुटतं त्यातलं बरंच रॅमचं असतं, आणि हे तपासायला काही लागत नाही, तरी लोक ते करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. उभ्या कार्डासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड सरळ बोर्डात लावा, ते जमत नसेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन ३ वर, म्हणजे जेन ४ पेक्षा खाली, सेट करा. जुनी जेन ३ ची रायझर आणि जेन ४ चं कार्ड ही जोडी काळ्या स्क्रीनसाठी बदनाम आहे.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा आय-७ किंवा आय-९ असेल तर वेगळंच बघायला लागतं. अनरियल इंजिनच्या (गेम बनवायचं एक सॉफ्टवेअर) गेममध्ये 'व्हिडिओ मेमरी संपली' असा एरर यायचा, लोक कार्ड बदलायचे आणि दोष निघायचा प्रोसेसरमध्ये. जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप हळूहळू खराब होत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये आणि परत सप्टेंबरमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बायोसबरोबर येतात) अपडेट काढले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट कराच, पण चिप आधीच बिघडली असेल तर अपडेटने ती सुधारत नाही, वॉरंटीतच द्यावी लागते. असा पीसी असणाऱ्याने एसएमपीएस आणि कार्ड दोन्हीचा विचार बाजूला ठेवून आधी हेच बघावं.

एवढं करून पण क्रॅश थांबला नाही तर मग खरा सामना, एसएमपीएस विरुद्ध कार्ड. दोघांना वेगळं करायला आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पुरतं. आधी पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. क्रॅश थांबला तर समजायचं की एकतर एसएमपीएसला पूर्ण लोड झेपत नाही किंवा कार्डाला त्याचा बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) झेपत नाही. मग पॉवर लिमिट परत १०० करा आणि फक्त कोअर क्लॉक (चिपचा वेग) १००-१५० मेगाहर्ट्झ खाली घ्या. यानेही थांबला तर बोट कार्डाकडे जातं, कंपनीने कारखान्यातूनच जो ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) दिलाय तो ती चिप आता सांभाळत नाही, आणि तसंच कमी क्लॉकवर चालवलं तर दोन-चार फ्रेम जातील, बाकी काही नाही, पैसे वाचले. कोअर कमी करून पण पीसी पूर्ण बंद होत असेल आणि फक्त पॉवर लिमिटनेच फरक पडत असेल तर मात्र एसएमपीएस.

फरमार्क (कार्डावर मुद्दाम पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास चाललं म्हणजे एसएमपीएस ठीक, असंही नाही. फरमार्कचा लोड एकसारखा असतो, गेमचा लोड क्षणात वर क्षणात खाली, आणि आजकालची मोठी कार्डं काही मिलीसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उडी मारतात. आरटीएक्स ३०८० चे कागदावर ३२० वॅट, एनव्हिडिया त्याला ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते, ते या उड्या धरूनच. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात तर एसएमपीएसने अगदी थोड्या क्षणासाठी दुप्पट लोड झेलला पाहिजे असंच लिहिलंय. उलट फरमार्कमध्ये दहा मिनिटांनी पडतो आणि हॉटस्पॉट (चिपच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान) शंभर अंशांच्या पुढे गेलेला दिसतो, तर ती गरमी आहे, चिपवरची पेस्ट आणि पॅड बदलून बघा. नवीन एसएमपीएस घेण्याआधी केबलही बघा: ८ पिनची केबल १५० वॅटची धरतात, स्लॉटमधून ७५ मिळतात, आणि कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एकाच केबलची दोन तोंडं लावू नका, दोन वेगळ्या केबल लावा. १२ व्होल्टचं नवीन १६ पिनवालं कनेक्टर असेल तर ते शेवटपर्यंत आत बसलंय ना ते हाताने दाबून बघा.

आता आपल्याकडची गोष्ट, कारण गोव्यात हा निर्णय थोडा वेगळा पडतो. पावसात लाइट किती वेळा येते-जाते ते गावातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून प्रत्येकाकडे यूपीएस असतो, आणि बहुतेकांकडे असतो तो ६०० व्हीएचा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. त्याच्यावर गेमिंग पीसी, मॉनिटर आणि वर राउटर लावलाय. लाइट अर्धा सेकंद गेली, यूपीएस बॅटरीवर आला, त्याच वेळी गेममध्ये कार्ड पूर्ण जोरात, यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कार्ड गेलं. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का बघा, नॉर्मल मोडमध्ये बॅटरीवर यायला वेळ जास्त लागतो आणि एसएमपीएस विजेशिवाय १६-१७ मिलीसेकंद तग धरतो, त्याच्यापुढे नाही. आभाळ मोकळं असेल त्या दिवशी पीसी सरळ भिंतीच्या सॉकेटला लावून खेळा, क्रॅश नाही झाला तर कार्ड पण नको, एसएमपीएस पण नको, मोठा यूपीएस घ्या, आणि तो साइनवेव्हवाला, म्हणजे घरच्या लाइटसारखी वीज देणारा. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगही एकदा मोजून घ्या.

दुसरं म्हणजे दमट हवा. कळंगुट, कोलवा, मिरामार अशा किनाऱ्याजवळच्या घरात खारं वारं केसच्या आत जातं, कार्डाच्या ब्रॅकेटवर गंज दिसतो आणि स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. वीज बंद करून कार्ड काढा, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, स्लॉटमध्ये हवा मारा, कार्ड नीट बसवून स्क्रू लावा. जड कार्ड वाकून खाली लटकलेलं असेल तर खालून टेकू द्या. पावसाळ्यात पीसी आठवडे-आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा, आतली ओल धरत नाही. या साफसफाईने बरी झालेली कार्डं मी बघितलीयत, म्हणून पैसे खर्च करायच्या आधी हे नक्की करा.

तरीही दोन्हींवर सारखाच संशय राहिला तर मी एसएमपीएसच्या बाजूने आहे, आणि कारण सरळ आहे. चांगला ६५० किंवा ७५० वॅटचा एसएमपीएस चुकून गरज नसताना घेतला तरी पुढच्या कार्डाला तोच चालतो, वॉरंटी बऱ्याचदा पाच ते दहा वर्षं असते. कार्ड चुकून घेतलं तर पंचवीस-तीस हजार गेले, क्रॅश तिथेच, आणि कमजोर एसएमपीएस नव्या कार्डालाही त्रास देणार. त्यातही मित्राकडून एका संध्याकाळपुरता एसएमपीएस मागून आणता आला तर सगळ्यात उत्तम, फक्त त्याच्याच केबलसकट आणा. मॉड्युलर (केबल काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल एकमेकांत बसतात पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि त्यात बोर्ड, एसएसडी जळतात.

कार्डच गेलंय हे पक्कं झालं तर, पंखा, पेस्ट, पॅड यांची दुरुस्ती जरूर करा, स्वस्तात होते. मेमरी चिप बदलायची असेल तर कार्ड महाग असेल तरच आणि चिप काढणं-बसवणं रोज करणारा कारागीर मिळाला तरच. हीटगनने गरम करून चालू करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, ते फार टिकत नाही. सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन वीस-पंचवीस मिनिटं गेम चालवून बघा, हॉटस्पॉट बघा, ब्रॅकेटवरचा गंज बघा, आणि बिल नसेल तर भाव त्या हिशोबाने पाडा.

वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्क्रूला हात लावायच्या आधी कंपनीच्या अटी वाचा, कारण स्टिकर फाटलेला किंवा गंज दिसला तर बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. क्रॅश होतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो, बिल आणि कार्डावरच्या सिरीयल नंबरचा फोटो सोबत ठेवा, आणि कुरियर पावसाळ्यात करत असाल तर कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, मग प्लास्टिकमध्ये सील करून, मगच खोक्यात.