लॅपटॉपला नेट कुठून द्यायचं: मोबाईलचा हॉटस्पॉट, वायरचं फायबर की एअरफायबर?

मेल बघणं, बिलं भरणं आणि रात्री एखादा पिक्चर, एवढंच काम असेल तर घरी वेगळं ब्रॉडबँड घेऊ नका, मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. याउलट रोज सात-आठ तास कॉलवर बसायचं असेल किंवा घरात तीन लॅपटॉप असतील तर हॉटस्पॉटच्या भानगडीत पडू नका. प्रश्न मधल्यांचा आहे. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणारे, ऑनलाइन शिकवण्या घेणारे, कॉलेजची मुलं. त्यांना दुकानात, नाक्यावर, सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जाते: किती एमबीपीएस, म्हणजे नेटचा वेग किती. माझ्या मते मुंबईत तो आकडा दुय्यम आहे. लॅपटॉप घरात कुठे ठेवणार आणि मध्ये भिंती किती, हे आधी बघावं.

मुंबईत ५जी २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे आणि रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या रिचार्जवर बरेचदा ५जी डेटा अमर्याद मिळतो. यातली मेख लक्षात घ्या. फोन ५जीवर असेपर्यंतच ती चैन. तळमजल्यावर किंवा चाळीतल्या आतल्या खोलीत फोन गपचूप ४जीवर उतरतो आणि मग रोजचे ते २ जीबी कापले जायला लागतात. तासाभराच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला साधारण १ जीबी जातो, त्यामुळे दुसऱ्या कॉलच्या शेवटी गाडी रखडते. म्हणून हॉटस्पॉट ठरवण्याआधी फोन नेमका तिथेच ठेवून बघा जिथे काम करणार आहात, आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला बघा. दुपारी दोनची टेस्ट कुणाचीही छान येते.

हॉटस्पॉट घेतलात तर विंडोजमध्ये एक काम पहिल्याच दिवशी करून टाका. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय. तिथे आपल्या फोनच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. नाहीतर विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवतं आणि दिवसाचा कोटा तुम्ही काही करायच्या आत संपतो. लॅपटॉपला फोनचं नाव दिसतच नसेल तर लॅपटॉप जुना आहे आणि हॉटस्पॉट वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे पट्ट्यावर आहे असं समजा. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडवर बँड २.४ करा, आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा.

वाय-फाय हवंच असा हट्ट नसेल तर फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला लावून यूएसबी टेदरिंग करा. हॉटस्पॉटपेक्षा हे स्थिर चालतं आणि फोनची बॅटरीही उतरत नाही. मात्र वायर डेटाही नेणारी असावी, काही स्वस्त वायरी नुसतं चार्जिंगच करतात. विंडोज नव्याने टाकल्यावर वाय-फायचा ड्रायव्हरच (ते चालवणारं सॉफ्टवेअर) गायब असतो तेव्हा बहुतेक वेळा हीच वायर तारते. ड्रायव्हर उतरवायलाही नेट लागतंच ना!

आता फायबर. सोसायटीच्या डक्टमधून वायर आधीच आली असेल तर फार विचार करायची गरज नाही, कनेक्शन दोन-तीन दिवसांत लागतं. बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकाच मिळतो. शिकवणी घेणाऱ्याला किंवा मोठ्या फाइली पाठवणाऱ्याला तोच हवा असतो. आलेली नसेल तर मात्र कमिटीची परवानगी, सेक्रेटरींचा मूड, कोणत्या मजल्यावरून ओढायची यात महिना जाऊ शकतो. आणि पावसाळ्याआधी रस्ते खणले जातात तेव्हा वायर तुटली की दुरुस्तीवाला येईपर्यंत हॉटस्पॉटवरच दिवस काढावे लागतात. जाहिरातीत दिसणाऱ्या किमतीवर १८ टक्के जीएसटी चढतो, तोही हिशोबात धरा.

फायबर लावताना घात होतो तो राउटरच्या जागेत. इन्स्टॉलेशनवाला घाईत असतो. वायर दारातून आत आली की चपलांच्या स्टँडवर, मीटरच्या पेटीखाली राउटर ठोकून मोकळा होतो. बेडरूम आत, मध्ये आरसीसीची भिंत, भिंतीला टेकून लोखंडी कपाट. मग १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही आत कॉल तुटतो आणि माणूस २०० चा घेतो. काही फरक पडत नाही. इन्स्टॉलेशनवाल्याला चहा द्या, पण दहा मीटर वायर जास्त ओढून राउटर घराच्या मध्यावर, उंच लावून घ्या. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींच्या जाड भिंतींत तर हे अजूनच गरजेचं.

राउटरची बरेचदा दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. त्याचा मोबाईलच्या ५जीशी संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. २.४ लांब पोचतो, भिंतीतून जातो, पण त्यात एकमेकांना न अडणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चाळीत किंवा टॉवरमध्ये लॅपटॉपवर यादी उघडा, पंचवीसएक नावं सहज येतात. म्हणजे अख्खी इमारत तीन नळांवर बादल्या घेऊन उभी. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण दोन भिंतींत तो दम सोडतो. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर डोळे मिटून ५, आतल्या खोलीत २.४. लॅपटॉप सध्या कशावर आहे ते वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नेटवर्क बँड’समोर दिसतं. स्वस्तातल्या जुन्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला कधी कधी ५ पकडताच येत नाही. तिथे महागडा प्लॅन वाया जातो, त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ड्युअल बँडचा, म्हणजे दोन्ही पट्टे पकडणारा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर आणा.

एअरफायबर २०२३ पासून मिळतं. यात घरापर्यंत वायर नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा बसतो, तो मोबाईलच्या टॉवरकडून ५जी घेतो आणि घरातला राउटर ते वाटतो. ज्या इमारतीत फायबर पोचत नाही तिथे हा चांगला पर्याय, आणि जोडणीही लवकर होते. पण समोर नवी उंच इमारत उभी राहिली की सिग्नल बदलतो, आणि मुंबईत समोर इमारत उभी राहायचीच. अपलोडही डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. दोन्ही मिळत असतील तर वायरचं घ्या.

स्टेशनवरचं फुकट वाय-फाय यात मोजू नका. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून ते सुरू झालं. मोबाईल नंबरवर ओटीपी येतो, मग थोडा वेळ फुकट चालतं. गाडीची वाट बघत मेल पाठवायला ठीक. बँकेचं काम तिथे नको, सारख्याच नावाचं नकली नेटवर्क कुणीही उघडून बसू शकतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी एक बघावं. सहा महिने किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले की इन्स्टॉलेशन माफ होतं, म्हणून मोह होतो. पण ११ महिन्यांच्या करारातले सात गेले असतील तर वर्षाचा प्लॅन घेऊ नका. कनेक्शन दुसरीकडे हलवता येतं, पण नव्या इमारतीत त्या कंपनीची वायर असेल तरच. नवं घर बघायला जाल तेव्हा तिथल्या वॉचमनला विचारा की कोणत्या कंपनीची माणसं इथे ये-जा करतात. एजंटपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.