प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे १४ व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका संगणकावर सॉफ्टवेअरने चालवलेले वेगळे संगणक) आहेत आणि आठ महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांचे बहुतेक संरक्षण त्याच डिस्कवर ठेवलेल्या स्नॅपशॉटवर (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीवर) अवलंबून होते. डिस्क गेली असती तर स्नॅपशॉटही गेले असते, हे ठाऊक असूनही मी चालढकल करत होतो. अखेर एका स्वतंत्र मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे व्हीएमचे बॅकअप साठवणारे सॉफ्टवेअर बसवले.

जागेची बचत अपेक्षेपेक्षा जास्त झाली. व्हीएमची डिस्क ४ मेबीबाइटच्या तुकड्यांत विभागली जाते, प्रत्येक तुकडा एसएचए-२५६ हॅशवरून (त्यातल्या मजकुरावरून काढलेल्या ठशावरून) ओळखला जातो आणि तो आधीच साठ्यात असेल तर पुन्हा लिहिला जात नाही. त्यामुळे एकाच टेम्प्लेटवरून केलेल्या मशीनचा सामाईक भाग एकदाच साठतो. चालू व्हीएममध्ये कोणते भाग बदलले याची नोंद व्हीएम चालवणारे क्यूएमू ठेवत असल्याने रोजचा बॅकअप लवकर आटोपतो. व्हीएम पूर्ण बंद करून सुरू केली की मात्र ही नोंद नाहीशी होते आणि पुढच्या वेळी सगळी डिस्क वाचावी लागते. जुने बॅकअप काढल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही, हेही सुरुवातीला कोड्यात टाकणारे होते. ती कोणत्याही बॅकअपला न लागणारे तुकडे पुसणाऱ्या गार्बेज कलेक्शननंतरच मिळते, आणि तेही गेल्या २४ तास ५ मिनिटांत वापरलेल्या तुकड्यांना हात लावत नाही.

साठ्यासाठी साध्या हार्ड डिस्क घेतल्या, ही चूक सर्वस्वी माझी. एसएसडीची शिफारस मी वाचली होती आणि पैसे वाचवले होते. बॅकअप घेताना काही जाणवले नाही. पण रिस्टोर (बॅकअपमधून मशीन परत आणणे) आणि व्हेरिफाय (साठवलेले तुकडे शाबूत आहेत का ते तपासणे) करताना विखुरलेले असंख्य तुकडे वाचावे लागतात आणि तिथे या डिस्क अक्षरशः रडतात.

त्याहून गंभीर त्रास डेटाबेसच्या व्हीएमला झाला. बॅकअप चालू असताना, अजून प्रत न झालेल्या भागावर लिहायचे असेल तर आधी तिथला जुना मजकूर बॅकअपकडे जावा लागतो. साठा संथ असेल तर तेवढा वेळ व्हीएमचे लेखनही खोळंबते. व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स व्हीईच्या ८.२ आवृत्तीपासून मिळणारे फ्लीसिंग हा जुना मजकूर तात्पुरता स्थानिक डिस्कवर ठेवते. ते सुरू केल्यापासून रात्रीच्या तक्रारी थांबल्या. डेटाबेस असलेल्या व्हीएममध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) बसवणेही आवश्यक आहे, कारण त्यामुळे बॅकअप सुरू होताना फाइल सिस्टीम क्षणभर गोठवता येते.

एन्क्रिप्शन पाठवणाऱ्या मशीनवरच होते, त्यामुळे किल्लीशिवाय बॅकअप सर्व्हरलाही काही उघडता येत नाही. माझी किल्ली चार महिने फक्त व्हीएम चालवणाऱ्या त्याच होस्टवर होती, ज्याचा नाश झाला तर सावरता यावे म्हणून हा सगळा खटाटोप केला होता! आता तिची छापील प्रत वेगळ्या ठिकाणी आहे.

दर महिन्याला एक व्हीएम नव्या क्रमांकाने रिस्टोर करून पाहतो. पहिल्या वेळी तिचे नेटवर्क तोडायचे राहिले, एकाच आयपीच्या दोन मशीन समोरासमोर आल्या आणि मूळ मशीनच तासभर लोकांना दिसेनाशी झाली. तेव्हापासून नेटवर्क कार्डाचा दुवा तोडल्याशिवाय मी रिस्टोर केलेली व्हीएम सुरू करत नाही.