खुराड्यातली गादी: पेंढा, वाळू, सोडणांचा भुसा आणि तूस, अकरा महिने वापरून

गेल्या दिवाळीनंतर परसात खुराडं बांधलं तेव्हा सगळा विचार जाळीचा आणि दाराच्या कडीचा केला होता. मुंगूस कुठून शिरेल, रानमांजर कुठून हात घालेल. खाली काय घालायचं हा प्रश्नच डोक्यात नव्हता. आईला विचारलं तर ती हसली. "कोंबड्यांना गादी? आम्ही डालग्याखाली झाकायचो आणि सकाळी जमीन झाडून काढायचो."

तिचं खरं होतं. पण तेव्हा कोंबड्या पाच, दिवसभर गावभर उंडारणाऱ्या, आणि डालगं रोज नव्या जागी. माझ्याकडे चौदा. काही गावरान, काही कावेरी या सुधारित जातीच्या. आठ बाय सहा फुटांची जागा, खाली जांभ्याचे चिरे, दोन फुटांपर्यंत चिऱ्याची भिंत, वर जाळी आणि पत्रा. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅमच्या वर विष्ठा टाकते आणि त्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. म्हणजे चौदा कोंबड्या दिवसभर आत राहिल्या तर लिटरभर पाणी नुसतं विष्ठेतूनच गादीत जातं. हा हिशोब मी आठव्या महिन्यात केला. पहिल्या महिन्यात केला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

सुरुवात पेंढ्यानं केली, कारण तो घरचा. नोव्हेंबरात भात झोडून झालेलं, उडवी रचलेली, पैसे शून्य. पहिले आठ दिवस खुराडं इतकं देखणं दिसायचं की फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मग पेंढ्याचा स्वभाव कळला. तो लांब असतो, कोंबड्यांना उकरता येत नाही, वरची विष्ठा खाली जात नाही. पायांनी दाबून दाबून त्याची चटई होते. वरून कोरडी वाटते आणि फावड्यानं उचललं की खालून काळी, चिकट, वाफाळती. पोकळ काड्यांत बारीक लाल किडेही लपले. दिवसा एक दिसायचा नाही, रात्री बॅटरी मारली की कोंबड्या झोपतात त्या दांड्यावर रांगाच. विळीवर बोटभर कापून घातला तर बरा चालतो, पण रोज एवढा पेंढा कोण कापत बसणार? आमचा पेंढा आता फक्त अंड्यांच्या टोपल्यांत जातो. तिथं मात्र त्याला तोड नाही. अंडी स्वच्छ राहतात, फुटत नाहीत, आणि आठवड्याला बदलायला मूठभर पुरतो.

जानेवारीत वाळू आणली. ही कल्पना साताऱ्याकडच्या कोरड्या माण तालुक्यातल्या मित्राची. त्याच्याकडे वाळू घातलेलं खुराडं मी स्वतः पाहिलं होतं. रोज सकाळी दाताळ्यानं वरची विष्ठा गोळा करायची, की खाली वाळू तशीच स्वच्छ. वास नाही, माश्या नाहीत, कोंबड्या त्यातच लोळून पिसं साफ करतात. माझ्याकडेही जानेवारी ते मार्च अगदी तसंच झालं. ज्यांना हे तीन महिने पुरे आहेत त्यांनी खुशाल वाळू घालावी. पण माणमध्ये वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि आमच्या चिपळूणच्या बाजूला तो ३००० च्या वर. एप्रिलमध्ये एक वळवाची सर आली. पत्र्यावरून पागोळ्या आत उडाल्या आणि एका कोपऱ्यातली वाळू जी भिजली ती चार दिवस वाळली नाही. वाळू पाणी शोषत नाही, नुसतं धरून ठेवते. त्यात विष्ठा मिसळली की काला होतो. शिवाय ती कुजत नाही, त्यामुळे गादी बदलताना खत म्हणून परसात टाकायचीही सोय नाही. सहा घमेली उचलताना कंबर धरली ती वेगळीच.

मग मी ती चूक केली जी या भागातला कुणीही हुशार माणूस करेल. नारळाच्या सोडणांचा भुसा, म्हणजे नर्सरीवाले ज्याला कोकोपीट म्हणतात तो. काथ्याच्या कारखान्याजवळ स्वस्त मिळाला. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषतो असं सगळीकडे सांगतात आणि ते खरंच आहे. मी म्हटलं, यापेक्षा चांगलं काय हवं! मऊ, हलका, वास धरून ठेवणारा. एप्रिल-मेमध्ये मी लोकांना बोलावून दाखवायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जे पाणी शोषतं ते पाणी सोडणार कुठं? माणमध्ये वाऱ्यात, उन्हात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, घरातलं मीठ भांड्यात पाझरतं, कपडे चार दिवस दोरीवर. भुशानं विष्ठेतलं पाणी घेतलं, हवेतलंही घेतलं आणि तो तसाच बसून राहिला. महिन्याभरात खुराड्याची जमीन ओल्या शेणाच्या ढिगासारखी जड झाली. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबायचं. तो अमोनिया. आपल्याला झोंबतो तेव्हा जमिनीपासून वीतभर उंचीवर नाक असलेल्या पिलाचं काय होत असेल!

आणि पिलं होती. एक खुडूक कोंबडी मे महिन्यात बसवली होती, अकरा पिलं निघाली. पाचव्या आठवड्यात दोन पिलं पंख पाडून कोपऱ्यात बसली, विष्ठेत रक्त. रक्ती हगवण. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिलं, त्यानं सात वाचली, चार गेली. डॉक्टर गादीला हात लावून एवढंच म्हणाले, "औषध देतोय, पण हे काढल्याशिवाय उपयोग नाही." या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल, ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिलाला बाधायच्या अवस्थेत येतात. कोरड्या गादीत त्यांची ही वाढ मंदावते. म्हणजे मी मोठ्या प्रेमानं त्यांच्यासाठीच बिछाना घातला होता. धाकट्या मुलीनं त्या चार पिलांना पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या संतापात मी एक जास्तीचा मूर्खपणाही केला. ओल्या गादीवर विरलेला चुना पसरला. चुन्यानं जंतू मरतात, ओल कमी होते, सगळं बरोबर. पण ताज्या विष्ठेवर चुना पडला की साठलेला अमोनिया एकदम मोकळा होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात कोंबड्या अंगणात आणि मी खोकत पडवीत. चुना घालायचा तर आधी ओला थर उचलून, जमिनीवर, आणि त्या दिवशी कोंबड्या बाहेर.

आता तूस, म्हणजे भाताच्या दाण्याचं वरचं टरफल. सगळे सांगतात तूस घाला, पोल्ट्रीवालेही तूसच घालतात. म्हणून जुलैत गावातल्या गिरणीतून चार पोती आणली आणि आठवड्यात त्यालाही बुरशी. मी वैतागून सोडून देणार होतो. तेव्हा पलीकडच्या वाडीतले काका पोत्यात हात घालून म्हणाले, "हे तूस नाय रे, हा हलरचा कोंडा." फरक असा: गावातली जुनी हलर गिरणी भात भरडून तूस आणि तांदळावरचा कोंडा एकत्रच पीठ करून बाहेर टाकते. त्यात तेल असतं, पोषण असतं. म्हणून बुरशी धरते, उंदीर येतात. आणि उंदीर आले की मागोमाग धामण. (आली. पोत्यांच्या मागेच होती. हिनं पाहिली, मी नाही, आणि त्यावर अजून वाद आहे.) रबरी रोलरची नवी गिरणी तूस वेगळं काढते. अख्खं, होडीच्या आकाराचं, सोनेरी, हातात घेतलं तर खडखडीत. तसं तूस मला अठरा किलोमीटरवर मिळालं, टेंपोला ताडपत्री बांधून आणावं लागलं. पोतं साठ रुपये, टेंपो चारशे. भर पावसात तूस आणायला जाणारा माणूस म्हणून गिरणवाल्यानं चहा पाजला.

ते घातल्याला आता साडेतीन महिने होतायत. तूस फार शोषत नाही, त्याच्या अंगात वाळूसारखाच काचेचा अंश असतो. कोकोपीटच्या तुलनेत हा त्याचा दोष म्हणून सांगतात. पण आमच्याकडे तोच गुण ठरला. ते स्वतः भिजून बसत नाही, दाण्यादाण्यांत हवा खेळत राहते, आणि कोंबड्यांना ते उकरता येतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. संध्याकाळी झाकायच्या आधी मी दोन मुठी भात गादीत भिरकावतो. चौदा कोंबड्या अर्धा तास सगळी गादी खालवर करतात. जे काम मी दाताळं घेऊन आठवड्यातून एकदा कंटाळत केलं असतं ते रोज होतं, फुकट. पेंढ्यात त्या अडकायच्या, ओल्या भुशात त्यांना रस नव्हता.

आठ बाय सहाच्या जागेत तीन इंचांचा थर द्यायला तीन मोठी पोती लागली. नंतर दर पंधरा दिवसांनी अर्धं पोतं वर टाकत गेलो, आज सहा इंचांच्या आसपास आहे. तपासायची रीत काकांचीच. मूठभर उचलून घट्ट दाबायचं. लाडू वळला तर ओली, वळून लगेच भुरभुरला तर छान, अजिबातच न वळता धूळ उडाली तर फार कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये दोनच ठिकाणी लाडू वळला, पाण्याच्या भांड्याजवळ आणि दांड्याखाली.

त्यामुळे खरी सुधारणा तुसाइतकीच या दोन जागांची. पाण्याचं भांडं आता कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलंय, सांडणं जवळजवळ थांबलं. दांड्याखाली गेल्या निवडणुकीतला एक फ्लेक्स ताणून बांधला. निम्मी विष्ठा रात्री तिथंच पडते, सकाळी फ्लेक्स काढून ढिगावर झटकला की संपलं. उमेदवाराचा चेहरा वर ठेवायचा की खाली, यावर घरात मतभेद झाले, वर आहे. आणि पावसाची झड यायची त्या पश्चिमेच्या बाजूला नारळाची झापं बांधली, पण पत्र्याखाली वीतभर जागा मोकळी सोडून. पहिल्यांदा मी ती फटही बुजवली होती. तीन दिवसांत पुन्हा डोळे झोंबायला लागले.

लाकडाचा भुसाही मधे थोडा वापरला. वखारीतला बारीक भुसा ओला असतो आणि सुकला की उडतो, कोंबड्या शिंकतात. सुताराकडच्या रंध्याच्या कुरळ्या ढलप्या मात्र फार छान, तुसात एकास तीन मिसळल्या तर गादी अजून मोकळी राहते. फक्त सुतार प्लायचं काम करणारा नको, त्यात डिंक आणि रसायनं येतात. आमच्या गावात आता सगळे सुतार प्लायचंच काम करतात, म्हणून तो विषय तिथंच थांबला.

तुसाच्या तक्रारीही आहेत. एक म्हणजे लहान पिलं ते खातात आणि त्याची टोकं बोचरी. पहिला आठवडा वर गोणपाट अंथरा. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून पिलांचे पाय फाकतात. दुसरी, ते लवकर कुजत नाही. मी ऑगस्टमध्ये फ्लेक्सवरचं खत आणि थोडं तूस तसंच वांग्यांना घातलं, वांगी जळाली. आता ढीग करून पाच-सहा महिने ठेवायचा असं ठरवलंय. पण नारळाची झाडं असतील तर ढिगावर लक्ष ठेवा. गेंड्या भुंगा अशाच कुजत्या ढिगात अंडी घालतो. आम्ही परवा ढीग उलटा केला तेव्हा अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, तीसेक असतील. आईनं न बोलता खुराड्याचं दार उघडलं. पाच मिनिटांत एक उरली नाही.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात स्वस्त पेंढा होता आणि सगळ्यात महाग कोकोपीट, कारण त्यात डॉक्टर, औषध आणि चार पिलं धरावी लागतात. चुकून आणलेला हलरचा कोंडा सोडला तर तुसावर टेंपोसकट हजाराच्या आत गेले. अंडी आता धुवावी लागत नाहीत, आणि खुराडं पडवीपासून बारा पावलांवर असूनही पाहुणे वासाबद्दल काही बोलत नाहीत. बोलले तर ते कोंबड्यांच्या आवाजाबद्दल, आणि त्यावर कुठलीच गादी चालत नाही.

पुढच्या वर्षासाठी एकच बदल. तूस जुलैत आणायचं नाही. भात नोव्हेंबरात भरडायला येतं तेव्हा गिरणीत ढीग लागतात आणि तेव्हाच वीटभट्टीवाले ट्रक लावून उचलतात. मी गिरणवाल्याला आताच दहा पोती सांगून ठेवलीत. मांगराच्या माळ्यावर, जमिनीपासून वर, मांजर फिरेल अशा जागी ठेवणार. पावसाळ्याआधी भरायच्या आगोटीच्या सामानात मीठ-मिरचीच्या यादीखाली हिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय: तूस, ४ पोती, कोरडं. बाकीची सहा त्याआधीच लागतील.