विमानाचं पहिलं किट: १/७२ घ्यावं की १/४८?

भाचा विचारत होता की मामा, प्लास्टिकचे भाग जोडून रंगवायच्या मॉडेल विमानाचं नक्की कुठल्या स्केलचं किट घेऊ, म्हणून सविस्तर लिहितोय. १/७२ म्हणजे मॉडेलची लांबी खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी, १/४८ म्हणजे अठ्ठेचाळीसाव्या, म्हणून १/४८ चं मॉडेल मोठं.

आधी जागा बघ. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर स्पिटफायर १/७२ मध्ये पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण १५.५ सेंटीमीटर भरतं, १/४८ मध्ये २३ च्या पुढे, एवढं चालतं. पण सुखोई ३० घेतलंस तर १/७२ मध्येच लांबी ३० सेंटीमीटर आणि १/४८ मध्ये ४५ च्या वर, म्हणजे कपाटाचा अख्खा कप्पा गेला!

खर्चात १/७२ स्वस्त, आणि एअरफिक्स या किट बनवणाऱ्या ब्रँडच्या छोट्या स्टार्टर सेटमध्ये रंग, ब्रश, गोंद पण येतो. मोठ्या स्केलला किट महाग, शिवाय पृष्ठभाग सव्वादोनपट म्हणून रंगही तेवढा जास्त लागतो.

खरा फरक रंगवताना कळतो. छोट्या मॉडेलवर ब्रशने पातळ पातळ दोन-तीन हात दिले, मधे नीट वाळू दिलं की काम होतं, पण कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) बारीक पट्ट्या रंगवताना आणि रंग नको तिथे लावायची मास्किंग टेप कापताना डोळे दुखतात. १/४८ मध्ये कॉकपिट रंगवायला खूप मजा येते, डायल, सीटचे पट्टे सगळं दिसतं, फक्त मोठ्या सपाट पंखांवर ब्रशचे ओरखडे लगेच दिसतात आणि मग एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घ्यावासा वाटतो, हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरसकट.

भरपूर वेगवेगळी विमानं करायचीत, जागा कमी आणि ब्रशनेच रंगवणार असशील तर डोळे झाकून १/७२. एकाच विमानावर महिनाभर रमायचं असेल, कॉकपिटचं वेड असेल तर १/४८, पण जागा वाचवायला इंजिन एकच असलेलं फायटर घे.