पिल्लं घेण्याआधी डोळे: डीएनए की थेंब घालून तपासणी?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या वहिनींना त्यांच्या लॅब्रेडॉर राणीची पिल्लं हवीत, पण यातलं काय करावं हे ठरेना.

डीएनएला गालात आतून बोळा फिरवला की झालं. खर्च एकदाच, निकाल जन्मभराचा. पीआरसीडी-पीआरए या आजारात दृष्टिपटल हळूहळू निकामी होतं; वाहक कुत्रीला, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेलीला, मात्र काहीच होत नाही; डोळे बघून ती ओळखूच येत नाही, डीएनएतच कळते. दोन वाहक जुळवले तर प्रत्येक पिल्लाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के!

थेंबांनी बाहुली मोठी केली की मोतीबिंदूही दिसतो, जो या डीएनएत कळत नाही. राणी पंजाने डोळा चोळते, तिला धरून बसावं लागतं, आणि हे दरवर्षी.

नर निवडायचा असेल तर आधी डीएनए. आत्ता डोळे कसे आहेत ते हवं असेल तर थेंब. खुब्यांचे दोष बघायला दोन्ही निरुपयोगी; तिथे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर एक्स-रेच.