वापरलेला ब्लूज ज्युनियर ३ घेताय? आधी न वाजवता ऐका

फेंडरचा ब्लूज ज्युनियर ३ म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत: प्रीअॅम्पला (सिग्नल आधी वाढवणारा भाग) तीन १२एएक्स७ ट्यूब, पॉवरला दोन ईएल८४ ट्यूब, १२ इंची स्पीकर आणि स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगने घुमारा देणारा इफेक्ट). क्लीन टोन गोड आहे, तालमीला पुरून उरतो, एकट्याने उचलता येतो. २०१८ मध्ये चौथी आवृत्ती आली, त्यामुळे तिसरी आता बहुतेक वापरलेलीच मिळते. टोनला आमच्याकडून पैकीच्या पैकी. भाव मात्र त्याच्या नको त्या आवाजांवर ठरवा.

अॅम्प चालू करून पाच मिनिटं तापू द्या आणि गिटारची केबल अॅम्पच्या टोकाला काढा. इनपुट रिकामा असला की जॅक आपोआप ग्राउंडला शॉर्ट होतो. घरघर तिथेच थांबली तर अॅम्प निर्दोष. दोष गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा (एका वेटोळ्याचा, घरघर पकडणारा), केबलचा, नाहीतर खोलीतल्या डिमरचा. आवाज राहिला तर रिव्हर्ब शून्यावर आणा, मग व्हॉल्यूम, मग मास्टर. व्हॉल्यूम उतरवल्यावर गेला तर इनपुटजवळची पहिली १२एएक्स७ संशयित. मास्टर शून्यावर असूनही राहिला तर फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा टप्पा), ईएल८४ किंवा पॉवर सप्लाय.

आता आवाजाची जात ओळखा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. जाड, गोल गुणगुण ५० हर्ट्झची असते. तिचं मूळ बहुधा अर्थिंग, केबलचं शील्ड किंवा एखादी ट्यूब. कर्कश घरघर १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरने एसीचा डीसी केल्यावर उरलेला चढउतार, रिपल. इथे तो गुळगुळीत करणारे फिल्टर कॅपॅसिटर थकलेले असू शकतात. पण लगेच तिकडे धावू नका. पुशपुल रचनेत (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात) दोन ईएल८४ सारखा करंट घेत असतील तर हा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतो. एक ट्यूब म्हातारी झाली की तोल जातो आणि घरघर वर येते. म्हणून आधी जुळलेली जोडी घालून बघा. या अॅम्पला बायस (ट्यूबचा स्थिर करंट) जुळवायचा पॉट नाही, ही आमची सर्वांत मोठी तक्रार. जोडी निवडूनच घ्यावी लागते.

कॉर्ड वाजवल्यावर काचेसारखी खणखण येते? ट्यूब उलट्या टांगलेल्या आणि कॉम्बो असल्याने स्पीकरचे हादरे थेट त्यांनाच. पेन्सिलच्या रबराने हलकेच टिचकी मारा. जी स्पीकरमधून टणकन बोलेल ती मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे पकडून आवाज करणारी. तिन्ही १२एएक्स७ सारख्याच असल्याने अॅम्प बंद करून, थंड झाल्यावर अदलाबदल करा. आवाज ट्यूबसोबत सरकला तर दोष ट्यूबचा. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा ट्यूबला वीज पुरवणारा प्लेट रेझिस्टर. तळणीसारखी चरचर बऱ्याचदा याच रेझिस्टरमुळे होते.

बारीक हिस थोडा असायचाच. फार वाटला तर पहिल्या जागी ५७५१ ही ट्यूब घाला: अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० ऐवजी ७०, हिस कमी, क्लीन जास्त. नॉब फिरवताना करकर येणं ही मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याची देणगी. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, तिच्यासाठी भाव पाडू नका.

रिव्हर्ब वाढवला की गुणगुण वाढते? तळाच्या टँकच्या (रिव्हर्बच्या स्प्रिंगची पेटी) दोन्ही केबल एकेक करून काढा. आउटपुटची काढल्यावर शांतता झाली तर टँक ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय किंवा केबलचं शील्ड तुटलंय.

अर्थिंग मात्र घेण्याआधीच तपासा. मल्टीमीटरने फेज-अर्थ साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. घरघर घालवायला तिसरी पिन तोडणारे महाभाग आहेत. त्यात बिघाड झाला तर गिटारच्या तारांतून शॉक लागून जीव जाऊ शकतो. चॅसिसही (सर्किटची धातूची पेटी) स्वतः उघडू नका. आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये टिकू शकतात.

शेवटी मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून आणलेल्या नगावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पण तो फक्त व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० साठीच बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि स्वतःच गुणगुणतो. अर्धा तास चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरजवळ कान न्या. गुणगुण स्पीकरऐवजी तिथूनच येत असेल, तर ट्यूब बदलून काही होणार नाही, दुसरा नग बघा.