पार्करन: परदेशात पुन्हा धावायला लागणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यातले पाच दिवस उजेड दिसतो तो ऑफिसच्या खिडकीतून. ‘कामावरून आल्यावर जरा पळून येऊ’ हा बेत हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे जातात त्या आठवड्यातच बारगळतो. शनिवारी सकाळी नऊला मात्र उजेड असतो, आणि पार्करन, म्हणजे दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून धावण्याचा कार्यक्रम, नेमकं तेव्हाच सुरू होतं. बाळंतपण, मग देशांतर, मग दिवसभर बसून करायचं काम, यात बरीच वर्षं गेल्यावर मी ज्याच्या आधाराने पुन्हा धावायला लागले, ते हे पार्करन.

व्यवस्था अगदी साधी आहे. बागेत किंवा मोकळ्या मैदानात आखलेला पाच किलोमीटरचा मार्ग, दर शनिवारी, सगळ्यांना फुकट. संकेतस्थळावर एकदाच नाव नोंदवायचं, की आपला बारकोड मिळतो. शेवटची रेषा ओलांडली की हातात टोकन देतात. टोकन आणि बारकोड दोन्ही स्कॅन झाले की वेळ आणि क्रमांक ईमेलने येतो. बारकोड विसरलात तरी धावता येतं, फक्त निकालात नाव लागत नाही. हाच बारकोड जर्मनी, पोलंड, जपान, ऑस्ट्रेलिया, जिथे जिथे पार्करन आहे तिथे चालतो. नोकरीपायी दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणाऱ्यांना ही फार मोठी सोय आहे. नव्या गावात सामान लावून होण्याआधीच शनिवारी जायला एक जागा तयार असते.

परदेशात व्यायाम का सुटतो, यावर मी खूप विचार केला आहे. थंडी, काम, मुलं ही कारणं खरीच. पण मुख्य म्हणजे आपण गेलो नाही तरी विचारणारं कुणी नसतं. ‘काल दिसली नाहीस गं’ म्हणणारी शेजारीण नाही, सोबत निघणारी वहिनी नाही. जिमचं दार कार्ड दाखवलं की उघडतं, आणि महिनाभर गेलो नाही तरी खात्यातून पैसे वळते होतात. पार्करनला तीच ती माणसं दर शनिवारी त्याच वळणावर उभी असतात. आधी हसतात, मग नाव विचारतात आणि एखादा शनिवार चुकला की ‘बरी आहेस ना?’ म्हणतात. मला या विचारण्याची गरज होती.

सगळ्यात जास्त गुण मी टेल वॉकरला देईन. प्रत्येक पार्करनला एक स्वयंसेवक अगदी शेवटी चालतो, सगळ्यांच्या मागे. त्यामुळे दुसरं कुणीही शेवटचं येत नाही. ऐकायला ही बारीकशी गोष्ट वाटेल. पण चाळिशीत, वाढलेल्या वजनासह, अनोळखी गोऱ्या घोळक्यात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईला विचारा. आपल्यामुळे सगळे खोळंबतील ही भीती पायांपेक्षा जड असते, आणि ती इथे नियमानेच काढून टाकली आहे. पूर्ण पाच किलोमीटर चालत गेलं तरी चालतं. मी सुरुवातीला तेच केलं. टेल वॉकर आजोबा सोबत गप्पा मारत होते आणि मार्गावर उभे असलेले स्वयंसेवक, म्हणजे मार्शल, आमच्यासाठीही तितक्याच जोरात टाळ्या वाजवत होते.

याचं मूळ पार्करनच्या जन्मातच आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पहिल्यांदा १३ जण धावले. ते भरवणारे पॉल सिंटन-ह्युइट तेव्हा दुखापतीमुळे स्वतः धावू शकत नव्हते. निदान मित्र भेटावेत म्हणून ते हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेत वाढून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा माणूस, त्यामुळे मला तो जवळचा वाटतो. माझी पोटरी दुखावली तेव्हा मीही बारकोड स्कॅन करायला उभी राहिले. धावणं बंद असतानाही शनिवार चुकला नाही, आणि बरं वाटल्यावर पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली नाही.

निकालात ‘एज ग्रेड’ म्हणून एक टक्केवारी येते. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम वेळेशी तुमची वेळ ताडून ती काढतात. पंचविशीतल्या पोरांशी तुलना करण्यापेक्षा मला ही फार न्यायाची वाटते. २०२४ मध्ये पार्करनने संकेतस्थळावरच्या वेगाच्या विक्रमांच्या याद्या काढून टाकल्या. त्यावर पुष्कळ ओरड झाली, पण मला निर्णय पटला.

आता मर्यादा. आठवड्यातून एकदा पाच किलोमीटर, एवढ्याने अंगात ताकद येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करायला सांगते. पार्करन यातला एक तुकडा भरून काढतं. बाकीचं मी घरी उठाबशा आणि वजनं घेऊन करते. शनिवारी ज्यांना कामावर जावं लागतं त्यांना याचा काही उपयोग नाही. हिवाळ्यात चिखल असतो, बर्फ साचला तर त्याच दिवशी रद्दही होतं, म्हणून निघण्याआधी त्या ठिकाणच्या पार्करनचं फेसबुक पान बघावं.

दम अजिबात नसेल तर जोडीला ‘काउच टू फाइव्ह के’ घ्या, म्हणजे नवख्यांना हळूहळू पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा सराव. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं त्याचं ॲप फुकट आहे. नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस. पहिल्या आठवड्यात फक्त एक मिनिट धावायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं आलटूनपालटून. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सलग वीस मिनिटं येतात तेव्हा घाबरू नका, तोवर फुप्फुसं तयार झालेली असतात.

जाणार असाल तर पहिल्यांदा सपाट मार्ग निवडा, प्रत्येक ठिकाणाच्या पानावर चढ-उताराची माहिती असते. थोडं लवकर पोचा, कारण नवख्यांना सुरुवातीआधी सगळं समजावून सांगतात. अकरा वर्षांखालचं मूल सोबत असेल तर ते हाताच्या अंतरावर ठेवावं लागतं. मुलांना त्यांचं स्वतःचं हवं असेल तर ४ ते १४ वयासाठी बऱ्याच ठिकाणी रविवारी दोन किलोमीटरचं ज्युनियर पार्करन असतं.